उन्हात टी-शर्ट, सावलीत स्वेटर: पहिल्यांदा अदिस अबाबाला जाताना

आफ्रिका आणि त्यातही विषुववृत्ताच्या जेमतेम नऊ अंश उत्तरेला, एवढं ऐकलं की आपल्याकडची माणसं पातळ सुती कपडे, टोपी आणि ओआरएसची पाकिटं भरायला घेतात. मग डिसेंबरच्या पहाटे अदिस अबाबाच्या बोले विमानतळातून बाहेर पडताना तोंडातून वाफ निघते आणि स्वेटर नेमका चेक-इन केलेल्या बॅगेच्या तळाशी असतो. इथिओपियाची ही राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही सातशे मीटर वर. आणि वस्ती म्हणाल तर चाळीस लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त.

या शहरात हिवाळ्यात काय घालायचं, किती चालायचं, कुणाला किती वाजता भेटायचं, हे सगळं सूर्य कुठे आहे त्यावर ठरतं. तापमानाचे आकडे फारसे कामाला येत नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने काय करावं, ते खाली लिहितो आहे.

१. आधी महिना ठरवा

इथला पाऊस साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे आपल्या पावसाळ्यातच. ऑक्टोबरात पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, ईशान्येकडून कोरडे वारे सुरू होतात आणि जानेवारीअखेरपर्यंत आकाश स्वच्छ राहतं. या मोसमाला तिथे ‘बेगा’ म्हणतात. दुपारी तापमान बावीस-चोवीस अंशांपर्यंत जातं, पहाटे सहा ते नऊच्या दरम्यान उतरतं, एखाद्या रात्री त्याहूनही खाली. ढगच नसल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने थंड होते, म्हणून दुपार आणि पहाट यांत एवढा फरक. मार्चच्या सुमारास ‘बेल्ग’ नावाचा तुरळक पाऊस सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या दुपारी वर्षातल्या सगळ्यात उबदार असतात.

या चार महिन्यांतही फरक आहे. ऑक्टोबरात डोंगर अजून हिरवे असतात आणि त्यांवर ‘अदेय अबेबा’ची पिवळी फुलं असतात, फोटो काढणाऱ्यांसाठी हाच महिना. नोव्हेंबर-डिसेंबर सगळ्यात कोरडे आणि रात्री सगळ्यात गार. जानेवारीत सण: ७ जानेवारीला ‘गेन्ना’, म्हणजे तिथला नाताळ, आणि १९ जानेवारीला ‘तिम्कत’, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा सण (ग्रेगोरियन लीप वर्षात २०ला). तिम्कतला चर्चमधून ‘ताबोत’ ही पवित्र पाटी कापडात झाकून, डोक्यावर घेऊन मिरवत जान मेदाच्या मैदानावर आणतात. आदल्या संध्याकाळपासून शहर पांढऱ्या वस्त्रांनी भरून जातं, दुसऱ्या दिवशी सकाळी आशीर्वाद दिलेलं पाणी गर्दीवर उडवतात. २०१९ मध्ये युनेस्कोने या उत्सवाची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. सणासाठी जाणार असाल तर हॉटेल बरंच आधी ठरवा. त्या दोन दिवसांत शहरात गाडीने कुठे वेळेवर पोहोचण्याची आशा ठेवू नका.

शाकाहारी असाल तर माझं मत स्पष्ट आहे: २५ नोव्हेंबर ते ६ जानेवारी या काळात जा. कारण जेवणाच्या भागात सांगतो.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ‘ग्रेट इथिओपियन रन’ ही दहा किलोमीटरची धावशर्यत असते. २००१ पासून चालू असलेल्या या शर्यतीत हजारो लोक धावतात आणि त्या सकाळी मेस्केल चौकाच्या आसपासचे रस्ते बंद असतात. बघायला मजा येते. पण मुंबईहून आदल्या दिवशी येऊन त्यात धावायचं धाडस नियमित धावणाऱ्यांनीही करू नये.

२. कागदपत्रं आणि लस

भारतीय पासपोर्टवर इथिओपियाचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. सरकारी संकेतस्थळावरच अर्ज करा, त्याच्यासारखी दिसणारी दलालांची संकेतस्थळं जास्त पैसे घेतात. मुंबईहून थेट विमान आहे, प्रवास साधारण सहा तासांचा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. ती लागते भारतात परत येताना. इथिओपिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत असल्यामुळे लसीचं पिवळं कार्ड नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं. केंद्रांवर वेळ मिळायलाही दिवस जातात, म्हणून तिकीट काढलं की त्याच आठवड्यात हे काम उरका. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. साठीच्या पुढचे, अंड्याची ॲलर्जी असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

मलेरियाची भीती अदिसपुरती बाजूला ठेवा, एवढ्या उंचीवर त्याचे डास टिकत नाहीत. मात्र पुढे सखल भागात जाणार असाल तर गोळ्यांबद्दल विचारून घ्या.

ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय आणलेला ड्रोन विमानतळावरच काढून घेतात.

३. बॅग: एक जाड कोट नको, तीन पातळ थर हवेत

सकाळी साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. आठ वाजता स्वेटर आणि जॅकेट दोन्ही अंगावर असतात. अकराला रस्त्याच्या उन्हातल्या बाजूने चालताना टी-शर्ट पुरतो. मग तुम्ही एखाद्या दगडी चर्चमध्ये किंवा संग्रहालयात शिरता आणि पाच मिनिटांत पुन्हा स्वेटर शोधू लागता. हवा विरळ आणि कोरडी असल्यामुळे ती स्वतः फारशी तापत नाही, ऊब मिळते ती थेट उन्हाची. सावलीत गेलात की ती गेली. म्हणून काढघाल करता येतील असे थर हवेत: आत सुती, वर पातळ लोकरी किंवा फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. एकच जाड कोट नेलात तर अर्धा दिवस तो हातावर घेऊन फिराल.

रात्रीसाठी लोकरी मोजे आणि कानटोपी न्या, कारण बहुतेक हॉटेलांत खोली गरम करण्याची सोय नसते. इमारती सिमेंटच्या, फरशा गार. खोली निवडताना दुपारनंतरचं ऊन येणारी, म्हणजे पश्चिमेकडे खिडकी असलेली मागा. संध्याकाळी तीच थोडी उबदार असते. जादा पांघरूण पहिल्याच दिवशी मागून घ्या. गरम पाणी आहे का हे विचारताना वीज गेल्यावर जनरेटर आणि पाणी गेल्यावर टाकी आहे का, हेही विचारा. दोन्ही अधूनमधून जातात.

ऊन मात्र हलकं समजू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणांचा मारा साधारण दहा टक्क्यांनी वाढतो आणि हे शहर उष्णकटिबंधातलं. हवा गार असल्याने चटका जाणवत नाही, संध्याकाळी आरशात नाक लाल दिसतं तेव्हा कळतं. सनस्क्रीन, गॉगल, कडा असलेली टोपी. ओठांना लावायला काहीतरी हवंच, दोन दिवसांत ओठ फुटतात. नाकही आतून कोरडं पडतं, थोडं व्हॅसलीन लावलं की बरं वाटतं.

दमा असणाऱ्यांनी इनहेलर हाताशी ठेवावा. कोरड्या मोसमात धूळ असते, सकाळच्या थंड हवेत गाड्यांचा आणि चुलींचा धूर खालीच साचून राहतो आणि बांधकामं तर सगळीकडे चालू आहेत. साधा मास्क उपयोगी पडतो.

आपल्या तीन पिनांच्या जाड प्लगसाठी अडॅप्टर लागेल. मोबाइलचा दोन गोल पिनांचा चार्जर चालतो.

४. पहिला दिवस: काही करू नका

खरंच. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. मुंबई-कोकणातून थेट आलेल्या माणसाला जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर धाप लागते, संध्याकाळी डोकं जड होतं, पहिल्या एक-दोन रात्री झोप तुटक लागते. बहुतेकांना याहून जास्त त्रास होत नाही. पाणी पीत राहा, जेवण हलकं ठेवा, पहिल्या रात्री दारू टाळा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्या. डोकेदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली, तर गोळी खाऊन दडपू नका, दवाखाना गाठा.

घरून उपमा-पोह्यांची तयार पाकिटं नेणाऱ्यांसाठी एक सूचना: इथे पाणी सुमारे ९२ अंशांनाच उकळतं. पाकिटावर लिहिलेल्या वेळात पोहे चामट राहतात, झाकण ठेवून वेळ जवळपास दुप्पट द्या.

५. घड्याळ समजून घ्या

हे नीट वाचा, कारण नवख्यांची सगळ्यात जास्त फजिती इथे होते. गाडीवाला तुम्हाला सांगेल, “उद्या सकाळी दोनला येतो.” तो मध्यरात्रीनंतरचे दोन म्हणत नाही, सकाळचे आठ म्हणतो आहे. इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, दुपारचे बारा म्हणजे सहा, संध्याकाळचे सहा म्हणजे बारा आणि मग रात्रीचा एक पुन्हा आपल्या सातला. पंचांग वाचणाऱ्या घरात वाढलेल्यांना सूर्योदयापासून दिवस धरण्यात विचित्र काही वाटणार नाही. विषुववृत्ताजवळ दिवसाची लांबी वर्षभर जवळपास सारखीच असल्याने हा हिशेब तिथे चोख चालतोही.

सोपी युक्ती अशी: काट्यांच्या घड्याळाचा तासकाटा जिथे आहे, त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा. तीच स्थानिक वेळ.

विमानाची तिकिटं, मोठी हॉटेलं आणि परदेशी कार्यालयं आपलंच घड्याळ वापरतात. टॅक्सीवाले, छोटी उपाहारगृहं, चर्च, दुकानं स्थानिक घड्याळ वापरतात. काही जण पाहुण्यांशी बोलताना सौजन्याने आपल्या वेळेत बदलून सांगतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. म्हणून वेळ ठरवताना दरवेळी विचारा, “हबेशा वेळ की फेरेंजी वेळ?” ‘हबेशा’ म्हणजे तिथला माणूस आणि ‘फेरेंजी’ म्हणजे परदेशी, हा दुसरा शब्द रस्त्यात वारंवार ऐकू येईल. विमानतळावर पहाटे जायचं असेल तर गाडीवाल्याला तास बोलून सांगण्याऐवजी मोबाइलवर दाखवा.

कॅलेंडरही वेगळं आहे. तेरा महिने: बारा तीस-तीस दिवसांचे, तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. नवं वर्ष ११ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतं आणि वर्षाचा आकडा आपल्यापेक्षा सात-आठने मागे असतो. २०२५च्या सप्टेंबरात तिथे २०१८ लागलं. पावतीवर जुनी तारीख दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

६. पैसे आणि फोन

चलन बिर. स्वच्छ, न फाटलेले अमेरिकी डॉलर न्या आणि बँकेत किंवा अधिकृत केंद्रात बदलून पावती जपून ठेवा. रस्त्यावर जास्त दर सांगणारे भेटतात, तो व्यवहार बेकायदा आहे. जुलै २०२४ मध्ये बिरचा दर बाजारावर सोडला गेला आणि काही महिन्यांत डॉलरमागचे बिर दुपटीहून जास्त झाले. तेव्हा त्याआधी लिहिलेल्या कुठल्याही लेखातल्या किमती वाचून अंदाज बांधू नका. कार्ड मोठ्या हॉटेलांपुरतं धरा. स्थानिक लोक मोबाइलवरून ‘टेलेबिर’ने पैसे देतात, पाहुण्याने रोख बाळगावी.

सिमकार्ड इथिओ टेलिकॉम किंवा सफारीकॉमचं घ्या, पासपोर्ट लागतो. इंटरनेट कधीकधी मंदावतं, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. तिथल्या अम्हारिक भाषेच्या भाषांतराची फाइलही.

७. शहरात फिरणं

‘राइड’ आणि ‘फेरेस’ ही टॅक्सीची ॲप्स सर्रास चालतात, नवख्यांसाठी हाच मार्ग. निळ्या-पांढऱ्या मिनीबस स्वस्त आहेत. दारात लटकलेला ‘वेयाला’ थांब्यांची नावं एका दमात ओरडत असतो, त्यात आपलं ठिकाण ओळखू यायला दोन-तीन दिवस लागतात. रस्त्यावरची निळी लाडा गाडी घेतलीत तर बसण्याआधी भाडं ठरवा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या लाइट रेलमध्ये एकदा बसून पाहायला हरकत नाही, गर्दीत खिसा सांभाळा.

पत्ते मात्र विसरा. इथे ठिकाण सांगतात ते चौक, चर्च, हॉटेल यांच्या खुणेने. त्यातही अडचण अशी की २०२४ पासून रस्ते रुंद करण्याच्या मोठ्या कामात पियासासारखा जुना भाग बराचसा पाडला गेला आहे. जुन्या प्रवासवर्णनांतल्या खुणा सापडतीलच असं नाही. निघण्यापूर्वी हॉटेलमध्ये विचारा आणि गंतव्य ठिकाण अम्हारिकमध्ये लिहून घ्या.

चालण्यासाठी उत्तम वेळ सकाळी नऊ ते साडेअकरा आणि दुपारी तीन ते साडेपाच. सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही, भराभर अंधार आणि गारठा पडतो. अंधारात एकट्याने पायी फिरू नका. पदपथ उकरलेले असतात, हेही एक कारण.

राजवाडे, सरकारी इमारती, सैनिक, पोलीस यांचे फोटो काढू नका. ओळख वाढवून “चला, पारंपरिक कॉफी समारंभ दाखवतो” म्हणणाऱ्या अनोळखी तरुणाबरोबर जाऊ नका, शेवटी बिल तुमच्या नावावर येतं.

८. काय आणि कोणत्या क्रमाने

दुसऱ्या दिवशी संग्रहालयं. राष्ट्रीय संग्रहालयात ‘लूसी’ आहे: १९७४ मध्ये अफार भागात सापडलेला, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा मानवपूर्वजाचा सांगाडा. तिथे तिला ‘दिंकनेश’ म्हणतात. मांडणीत असते ती प्रतिकृती, मूळ हाडं जपून ठेवलेली आहेत. तिथून जवळच सिदिस्त किलोला अदिस अबाबा विद्यापीठात वंशशास्त्र संग्रहालय आहे, सम्राट हैले सेलासीच्या जुन्या राजवाड्यात. मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा लूसीपेक्षा हे बघा. सम्राटाची झोपायची खोलीही पाहायला मिळते. बाहेर एक जिना आहे जो कुठेच जात नाही: देश ताब्यात असताना इटालियनांनी फॅसिस्ट सत्तेच्या प्रत्येक वर्षाची एक अशा पायऱ्या बांधल्या होत्या, इथिओपियनांनी नंतर सगळ्यात वर आपला सिंह बसवला.

मेस्केल चौकाजवळचं ‘रेड टेरर’ स्मारक संग्रहालय लहान आहे पण जड आहे. १९७४ ते १९९१ या ‘देर्ग’ नावाच्या लष्करी राजवटीत मारल्या गेलेल्यांची छायाचित्रं आणि अवशेष तिथे आहेत. लहान मुलांना नेऊ नका. १८९६ मध्ये इटलीच्या फौजेचा पराभव झाला त्या लढाईचं आद्वा स्मारक २०२४ मध्ये उघडलं. त्याला अर्धा दिवस द्या.

तिसऱ्या दिवशी, अंग सरावल्यावर, एन्तोतो. हा उत्तरेकडचा डोंगर तीन हजार मीटरच्या वर जातो, म्हणून पहिल्या दिवशी नको. सम्राट दुसऱ्या मेनेलिकची राजधानी आधी इथेच वर होती. गारठा आणि सरपणाची टंचाई यांनी सगळे बेजार. खाली फिल्वोहाचे गरम पाण्याचे झरे राणी तायतूला आवडले, तिथे घरं उभी राहिली आणि १८८६ मध्ये अदिस अबाबा वसलं. सरपणासाठी मग ऑस्ट्रेलियातून आलेली निलगिरी लावली गेली, आज तुम्ही ज्या सावलीतून चालता ती तीच झाडं. १८८९ मध्ये मेनेलिकचा राज्याभिषेक झाला ते एन्तोतो मरियम चर्च पाहा. चर्चमध्ये चपला बाहेर, बायकांनी डोक्यावरून ओढणी घ्यावी. सकाळी लवकर गेलात तर शहर धुरकट दिसतं, दहानंतर दृश्य साफ होतं. जॅकेट सोबत हवंच, वर वारा बोचतो.

उतरताना शिरो मेदाला थांबा. हातमागाच्या पांढऱ्या कापडाचा हा बाजार. ‘नेतेला’ म्हणजे पातळ ओढणी, ‘गाबी’ म्हणजे चार पदरी जाड सुती पांघरूण. गाबी पहिल्या फेरीतच घ्या आणि त्याच रात्रीपासून वापरायला काढा, हॉटेलच्या ब्लँकेटपेक्षा नक्की उबदार. मेर्कातो हा आफ्रिकेतल्या मोठ्या बाजारांपैकी एक, तिथे माहितीतल्या माणसाबरोबर जा आणि पाठीवरची सॅक पोटावर घ्या.

९. जेवण: शाकाहारी माणसाला इतकं सोपं शहर विरळा

इथिओपियन ऑर्थोडॉक्स पंथात उपवासाचे दिवस खूप आहेत आणि उपवास म्हणजे मांस, अंडी, दूध, तूप सगळं बंद. जवळपास दर बुधवारी आणि शुक्रवारी उपवास असतोच. शिवाय गेन्नाच्या आधी २५ नोव्हेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत सलग उपवास, नेमका या गारठ्याच्या मोसमात. त्या दिवसांत बहुतेक साध्या उपाहारगृहांत उपवासाचं जेवण हेच मुख्य जेवण असतं. तुम्हाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

मागायचं ते ‘येत्सोम बेयायनेतू’. मोठ्या गोल ताटात ‘इंजेरा’ पसरलेला असतो: टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेला, जाळीदार, चांगला आंबट. त्यावर ढीग मांडलेले: ‘मिसिर वोत’ ही मसुरीची तिखट लाल आमटी, ‘किक अलिचा’ हळद घातलेली सौम्य पिवळी डाळ, ‘गोमेन’ म्हणजे पालेभाजी, कोबी-गाजर-बटाटा, बीट, टोमॅटोची कोशिंबीर. ‘बेर्बेरे’ मसाला तिखट असतो, पण आपल्या जिभेला परका नाही. ताट एकच, सगळ्यांनी त्यातूनच खायचं, उजव्या हाताने. यजमान स्वतःच्या हाताने घास तुमच्या तोंडात भरवू लागला तर मागे सरकू नका. त्याला ‘गुर्शा’ म्हणतात, तो मान आहे.

तीन सावधगिरीच्या गोष्टी. ‘शिरो’ हे डाळीच्या पिठाचं घट्ट कालवण बहुतेक वेळा शाकाहारी असतं, पण ‘बोझेना शिरो’त मांस असतं. उपवास नसलेल्या दिवशी भाज्यांतही मसालेदार लोणी पडतं, दूध न चालणाऱ्यांनी लक्ष ठेवावं. आणि उपवासाच्या काळात काही ठिकाणी मासे चालतात, म्हणून ताट येण्याआधी ‘आसा’ आहे का विचारा. कांदा-लसूण सगळ्यात असतो; तो न खाणाऱ्यांनी घरून सोय न्यावी. “सिगा अल्बेलाम”, मी मांस खात नाही, एवढं वाक्य पाठ असू द्या. मांसाहारी मंडळींनी ‘कित्फो’ मागवताना लक्षात ठेवावं की तो कच्च्या खिम्याचा पदार्थ आहे. शिजवून हवा असेल तर आधी सांगा.

पाणी बाटलीबंदच प्या. गारव्यामुळे तहान लागत नाही, तरी पीत राहा. ‘अंबो’ हे बुडबुडे असलेलं खनिज पाणी सगळीकडे मिळतं.

१०. कॉफी

कॉफीच्या मातृभूमीत ‘बुना’ला घाई चालत नाही. कच्चे दाणे समोर भाजतात, त्याचा धूर पाहुण्यांना देतात, कुटतात, ‘जेबेना’ या मातीच्या सुरईत उकळतात. जमिनीवर गवत अंथरलेलं, बाजूला धूप, बशीत मक्याच्या लाह्या. तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बेरेका. पहिल्या फेरीनंतर उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून घरी बोलावणं आलं तर तासभर हाताशी ठेवून जा. उंचीमुळे झोप आधीच तुटक, तेव्हा पहिले दोन दिवस दुपारी चारनंतर कॉफी नको. घाईत असाल तर कुठल्याही कॅफेत उभ्याने माकियातो प्या, इटालियनांच्या काळापासूनची ही सवय शहराने चांगली जोपासली आहे.

बोलताना “अमेसेग्नालेहु” (आभारी आहे) आणि “इशी” (बरं) एवढे शब्द पुरतात. तुम्ही भारतीय आहात कळल्यावर वयस्कर माणसं हमखास शाळेतल्या भारतीय शिक्षकांची आठवण काढतात. सम्राट हैले सेलासीच्या काळात आपले शेकडो शिक्षक तिथल्या गावोगावी शिकवत होते. आपल्याकडूनही सांगण्यासारखं आहे: निजामशाहीचा कारभार हाकणारा, खडकी वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचाच.

११. शहराबाहेर आणि परतीच्या आधी

एक दिवस जास्त असेल तर आग्नेयेला पन्नासेक किलोमीटरवर बिशोफ्तूला जा. ज्वालामुखीच्या विवरांत साठलेली तळी आहेत, अदिसपेक्षा चार-पाचशे मीटर खाली असल्याने हवाही उबदार. द्रुतगती मार्ग आहे, सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं. त्याहून लांब, विशेषतः उत्तरेकडच्या अम्हारा भागात जाण्याचा विचार असेल तर तिथल्या संघर्षाची ताजी स्थिती आणि भारतीय दूतावासाच्या सूचना पाहिल्याशिवाय काही ठरवू नका. दगडात कोरलेल्या चर्चांच्या लालिबेलाचं आकर्षण मोठं आहे, तरी हा नियम त्यालाही लागू.

खरेदीत जुने क्रूस, हस्तलिखितं, जुनी चित्रं दिसतील. खरोखर जुनी वस्तू परवानगीच्या कागदाशिवाय देशाबाहेर नेता येत नाही आणि नवी असली तरी विमानतळावर तपासतात, म्हणून दुकानाची पावती जवळ ठेवा. कॉफी घ्यायची तर दळलेली नको, भाजलेले अख्खे दाणे घ्या, पाकिटावर भाजल्याची तारीख विचारा आणि ती कुठल्या कॅलेंडरातली आहे तेही.